लेखणी तिची, कान आपले

फेब्रुवारी १९३८ मध्ये अमेरिकेतील 'लॉस अँजेलिस टाइम्स' या वृत्तपत्रात चित्रपटसृष्टीवरचे एक नवे सदर सुरू झाले. ते लिहिणारी बाई पत्रकार नव्हती. वयाची पन्नाशी ओलांडलेली, दुय्यम भूमिकांवर गुजराण करणारी आणि अलीकडे त्या भूमिकाही मिळेनाशा झालेली ती एक अभिनेत्री होती. तिचे नाव हेडा हॉपर. पुढची अठ्ठावीस वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, तिने हे सदर चालवले. भरभराटीच्या काळात तिचे वाचक साडेतीन कोटींच्या घरात असल्याचे सांगितले जाई. हॉलिवूडमधले मोठमोठे नट-नट्या, दिग्दर्शक आणि चित्रसंस्थांचे मालक सकाळी पेपर उघडताना आधी तिचे सदर पाहत. आपले नाव त्यात नसावे असे काहींना वाटे, तर निदान बऱ्या शब्दांत असावे असे बाकीच्यांना.

एका मुस्लिम कौटुंबिक मासिकाला या बाईची कारकीर्द कशासाठी हवी, असे काही वाचकांना वाटेल. आम्हाला ती दोन कारणांसाठी महत्त्वाची वाटते. एक म्हणजे, इतरांच्या घरातल्या गोष्टी हाच माल, आणि तो विकून उभा राहिलेला एवढा मोठा धंदा क्वचितच दिसतो. दुसरे म्हणजे, हेडाकडे ना सरकारी अधिकार होता, ना न्यायालयाचा. तिच्याकडे होते ते फक्त ऐकणारे कान. ते कान कोणाचे, हा प्रश्न आज आपल्या प्रत्येक घरात येऊन ठेपला आहे.

या लेखात हेडाच्या सदरातल्या खासगी भानगडी आम्ही पुन्हा सांगणार नाही. त्या लोकांचा हिशेब अल्लाहकडे गेला आहे. आम्ही बोलणार आहोत ते तिने उघडपणे, छापून केलेल्या कामाबद्दल आणि त्याच्या परिणामांबद्दल.

खाटकाची मुलगी ते नटी

हेडाचे मूळ नाव एल्डा फरी. तिचा जन्म २ मे १८८५ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील हॉलिडेजबर्ग या गावी झाला. पुढे कुटुंब जवळच्या अल्टूना शहरात राहायला गेले. वडिलांचा खाटकाचा व्यवसाय होता. घर धार्मिक वळणाचे आणि साध्या राहणीचे. मुलीला मात्र नाटकाचे वेड लागले. तरुणपणीच ती घर सोडून न्यूयॉर्कला गेली आणि संगीत नाटकांतल्या नाचणाऱ्या मुलींच्या घोळक्यात तिला काम मिळाले.

तिथेच तिची गाठ डी वुल्फ हॉपर या नामांकित नटाशी पडली. १९१३ मध्ये दोघांचे लग्न झाले. तो तिच्याहून सत्तावीस वर्षांनी मोठा, आणि ही त्याची पाचवी पत्नी. आधीच्या बायकांची नावे एल्ला, आयडा, एडना, नेला. त्यांत ही एल्डा. नवरा हाक मारताना सारखा घोटाळा करी. शेवटी तिने अंकशास्त्र सांगणाऱ्याला पैसे देऊन 'हेडा' हे नवे नाव घेतले. १९१५ मध्ये मुलगा झाला. पण हा संसार टिकला नाही. १९२२ मध्ये घटस्फोट झाला आणि लहान मुलाला घेऊन ती एकटी राहिली.

चित्रपटात ती १९१६ पासून काम करत होती. पुढच्या दोन दशकांत तिने शंभराहून अधिक चित्रपट केले. बहुतेकांत भूमिका ठरलेली: श्रीमंत घरातली, भारी कपड्यांतली, थोडी खाष्ट बाई. कपड्यांची हौस तर विलक्षणच. एका मूकपटासाठी मिळालेले सगळे मानधन तिने त्याच चित्रपटातल्या पोशाखांवर खर्च केले होते, म्हणजे मुख्य नायिकेपेक्षा लोकांचे लक्ष आपल्याकडे जावे. पण नायिकेचे पद तिच्या वाट्याला आले नाही. १९३० नंतर वय वाढत गेले तशी कामे कमी झाली. तिने घरे-जमिनी विकण्याच्या व्यवसायात हात घालून पाहिला, निवडणुकीलाही उभी राहून हरली. मुलाला एकटीने वाढवलेल्या, कष्टाला मागे न हटणाऱ्या बाईची ही ओढाताण होती, आणि तिच्याबद्दल सहानुभूती वाटावी अशीच ती होती.

भांडवल कोणते होते?

अशा वेळी तिच्याकडे एकच गोष्ट उरली होती. वीस-बावीस वर्षे ती याच वस्तीत वावरली होती. रंगभूषेच्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर, चित्रीकरणाच्या मोकळ्या वेळात सहकाऱ्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी तिच्या कानी पडलेल्या होत्या. कोण कोणावर रागावले, कोणाचे लग्न मोडायला आले, कोणाला दारू आवरत नाही, हे सगळे तिला ठाऊक होते. अभिनेत्री म्हणून तिला मागणी नव्हती. या माहितीला मात्र होती.

सदर सुरू झाले तेव्हा तिने गोडगोड लिहिले, आणि कोणी फारसे लक्ष दिले नाही, असे सांगितले जाते. चार झोंबणाऱ्या गोष्टी छापल्यावर मात्र टेलिफोन खणखणू लागले. १९३९ मध्ये तिने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुलाचा, जेम्स रूझवेल्ट यांचा, संसार मोडत असल्याची बातमी दिली. ती सदरापुरती राहिली नाही, पहिल्या पानावर गेली. तेव्हापासून हेडा हॉपर हे नाव देशभर झाले. मोठमोठ्या, फुला-पिसांनी सजवलेल्या टोप्या ही तिची खूण बनली. १९४७ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली. बेव्हर्ली हिल्समधल्या आपल्या घराविषयी ती पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगे की हे घर लोकांच्या भीतीने बांधून दिले आहे.

आपल्या दीनमध्ये मजलिसमध्ये झालेले बोलणे ही अमानत मानली जाते. एखाद्याने इकडेतिकडे पाहून, हळू आवाजात आपल्याला काही सांगितले, तर 'कोणाला सांगू नकोस' असे वेगळे म्हणायची गरज नसते. हेडाच्या कारकिर्दीची सुरुवात याच अमानतीच्या खयानतीतून झाली. बाहेरच्या वार्ताहराला जे कळले नसते, ते तिला ती घरातलीच म्हणून कळले होते.

एका घारीवर उपाय म्हणून दुसरी

हेडाच्या आधी या क्षेत्रावर लुएला पार्सन्स या बाईचे राज्य होते. तिने १९१४ मध्येच शिकागोच्या एका वृत्तपत्रात चित्रपटांविषयी सदर लिहायला सुरुवात केली होती. पुढे वृत्तपत्रांचे सम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या साखळीत तिचे लेखन छापले जाई. लुएलाने एखाद्याला वाळीत टाकले की त्याचे काम अवघड होई. तिचा एकछत्री अंमल मोडावा म्हणून मोठ्या चित्रसंस्थांनीच हेडाला पुढे आणले, असे मानले जाते. घारीला हाकलण्यासाठी दुसरी घार पाळावी, तसा तो प्रकार झाला. आता कलावंतांना दोघींना खूश ठेवावे लागे. एकीला आधी बातमी दिली की दुसरी रुसे, आणि तिच्या रुसण्याची किंमत वृत्तपत्रातून चुकवावी लागे.

लोक वैतागले होते, पण बोलायची सोय नव्हती. जोसेफ कॉटन या सभ्य नटाचा संयम एकदा सुटला. आपल्याबद्दल छापलेल्या मजकुराने घरात दुःख झाले म्हणून त्याने एका समारंभात तिच्यावर पाय उगारला. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी फुलांचे आणि अभिनंदनाच्या तारांचे ढीग आले. १९५० मध्ये जोन बेनेट या अभिनेत्रीने तिला भेट म्हणून चक्क एक स्कंक पाठवला. हा दुर्गंधी सोडणारा प्राणी. हेडाने तीही गंमत सदरात वापरली. ज्या समाजात कोणी समोर येऊन 'तुम्ही चुकलात' असे म्हणू शकत नाही, तिथे माणसे अशाच मार्गांनी राग काढतात.

शब्दांनी झालेल्या जखमा

इथवरचा मजकूर कोणाला करमणुकीचा वाटेल. पण हेडाच्या लेखणीने लोकांची आयुष्ये बदलली.

चार्ली चॅप्लिनचेच पाहा. १९४३ मध्ये एका तरुणीने तो आपल्या होणाऱ्या मुलाचा बाप असल्याचे म्हटले. ती आपली कहाणी घेऊन हेडाकडे गेली आणि हेडाने ती गाजवली. चॅप्लिनवर सरकारी खटला भरला गेला. त्यात १९४४ मध्ये तो निर्दोष सुटला. पितृत्वाच्या दाव्यात रक्ततपासणीने तो त्या मुलाचा बाप असू शकत नाही असे दाखवले. पण त्या काळी कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात ही तपासणी अंतिम पुरावा मानली जात नव्हती, आणि ज्युरीने निकाल त्याच्या विरोधात दिला. त्याच्या वागण्यात दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही. पण जो दोष त्याचा नव्हता, तो लोकांच्या मनात त्याच्याच नावावर कायमचा लिहिला गेला. हेडा त्याला देशाबाहेर घालवण्याची मागणी करत राहिली. या विषयावर तिचा केंद्रीय तपास संस्थेच्या प्रमुखांशी, जे. एडगर हूव्हर यांच्याशी, पत्रव्यवहार होता. सप्टेंबर १९५२ मध्ये चॅप्लिन बोटीने लंडनला निघाला आणि मागोमाग सरकारने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. त्याने स्वित्झर्लंडमध्ये घर केले. अमेरिकेत तो परत आला तो थेट १९७२ मध्ये, ऑस्करचा विशेष सन्मान स्वीकारायला. तोवर वीस वर्षे गेली होती.

दुसरे प्रकरण त्याहून मोठे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कम्युनिस्टांच्या नावाने शोधमोहीम सुरू झाली. १९४७ मध्ये संसदेच्या समितीसमोर हॉलिवूडमधल्या लोकांना उभे करण्यात आले. उत्तरे द्यायला नकार देणाऱ्या दहा जणांना तुरुंगवास झाला. त्यानंतर कित्येक लेखक, नट आणि तंत्रज्ञांची नावे काळ्या यादीत गेली. ज्याचे नाव यादीत, त्याला काम नाही. हेडा या मोहिमेची कट्टर पाठीराखी होती. तिच्या सदरात अशा लोकांवर संशय घेतला जाई आणि वाचकांना त्यांच्यावर बहिष्कार टाकायला सांगितले जाई. कोणाची घरे विकली गेली, कोणी देश सोडला, कोणी टोपणनावाने कवडीमोल दरात लिहीत राहिले. संशय आणि गुन्हा यांतले अंतर सदराच्या एका ओळीत पुसले जाई.

आयुष्याच्या अखेरीस तिने आठवणींचे एक पुस्तक लिहिले. संपूर्ण सत्य सांगत असल्याचा दावा त्याच्या नावातच होता. त्यात मायकेल वाइल्डिंग या नटाच्या चारित्र्याविषयी केलेल्या विधानावरून त्याने बदनामीचा दावा लावला. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटवावे लागले. त्यासाठी पैसे मोजावे लागले आणि माफीही मागावी लागली.

जे छापलेच गेले नाही

हेडाचे समर्थन करणारे म्हणतात, ती बलाढ्यांची पोल खोलत होती. हे कितपत खरे आहे ते तपासू या.

हॉलिवूडमध्ये तेव्हा खरोखर गंभीर अन्याय होत होते. ज्यूडी गार्लंड या मुलीला कोवळ्या वयात जास्त तास काम करता यावे आणि वजन वाढू नये म्हणून गोळ्या दिल्या जात. हे तिने स्वतः पुढे सांगितले. गोळ्यांची ती सवय तिला आयुष्यभर सुटली नाही आणि वयाच्या ४७ व्या वर्षी, १९६९ मध्ये, तिचा अंत झाला. चित्रसंस्थांच्या करारात नट-नट्यांच्या खासगी वागणुकीवर बंधने घालणारी कलमे असत, आणि मालकाला नको असलेल्या माणसाला त्या कलमांच्या आधारे काढता येई. हे खरे तर छापण्यासारखे होते. पण गप्पांची सदरे चालत ती चित्रसंस्थांच्या प्रसिद्धी विभागाकडून येणाऱ्या बातम्यांवर. त्यामुळे कोणत्या नटीने कोणाबरोबर जेवण घेतले हे छापून येई. त्या नटीला कोणत्या अटींवर राबवले जाते, हा त्या सदरांचा विषयच नव्हता.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. इस्लामने तोंड बांधून अन्याय सहन करायला सांगितलेले नाही. ज्याच्यावर जुलूम झाला, त्याला जुलूम करणाऱ्याचे नाव घेऊन दाद मागायची पूर्ण मुभा आहे. इमाम नववी (रह.) यांनी पाठीमागे बोलणे जायज ठरते असे सहा प्रसंग सांगितले आहेत. न्याय मागणे, वाईट थांबवण्यासाठी मदत घेणे, फतवा विचारणे, लोकांना धोक्यापासून सावध करणे हे त्यांतले काही. हजरत फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांना दोन ठिकाणांहून निकाहचे पैगाम आले तेव्हा त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांचा सल्ला घेतला, आणि प्रेषितांनी (स.) त्या दोघांबद्दलची वस्तुस्थिती त्यांना स्पष्ट सांगितली. तिथे उद्देश एका स्त्रीचे भले करण्याचा होता. बोलणे गरजेपुरते होते आणि ज्याला गरज होती त्याच्याशीच होते. शोधपत्रकारिता आणि चहाडी यांतला फरकही याच कसोटीवर कळतो.

"आम्ही खरे तेच बोलतो"

हेडाची ढाल होती सत्याची. आपल्याकडेही कोणी टोकले की पटकन उत्तर येते, "मी काही खोटे सांगत नाही, आहे तेच सांगतेय." सहीह मुस्लिममधील हदीसचा आशय प्रत्येक घरात माहीत असायला हवा. आपल्या भावाबद्दल त्याला आवडणार नाही असे बोलणे म्हणजे गीबत. ती गोष्ट त्याच्यात खरोखर असेल तरच ती गीबत; नसेल तर तो बोहतान. म्हणजे खरेपणा ही गीबतची सबब नाहीच. बोलणे खरे असते म्हणूनच तर त्याला गीबत म्हणतात. सूरह हुजुरातमध्ये फासिकने आणलेल्या बातमीची छाननी करण्याचा हुकूम आहे. पुढे त्याच सूरहमध्ये बदगुमानी, दुसऱ्याच्या दोषांचा पाठलाग आणि गीबत या तिन्हींना एकापाठोपाठ मनाई आहे. क्रमही पाहण्यासारखा आहे. आधी संशय येतो, मग माणूस चौकशा करत सुटतो आणि मग तोंड उघडतो. हेडाचे सदर रोज याच तीन पायऱ्या चढत होते.

अफवेने काय होते, याचा सर्वांत मोठा धडा तर आपल्याच इतिहासात आहे. बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांचा हार हरवला, त्या तो शोधायला गेल्या आणि काफिला पुढे निघून गेला. मागून येणाऱ्या हजरत सफवान (रजि.) यांनी त्यांना आदराने उंटावर बसवून आणले. एवढ्याशा गोष्टीवरून अब्दुल्लाह बिन उबई या मुनाफिकाने तोहमत रचली आणि मदिन्यात ती पसरली. सुमारे महिनाभर हजरत आयशा (रजि.) आजारी होत्या आणि आपल्याबद्दल काय बोलले जात आहे याची त्यांना खबरही नव्हती. कळले तेव्हा त्यांचे अश्रू थांबेनात. अखेर सूरह नूरमधील आयती उतरल्या आणि त्यांची पाकदामनी कयामतपर्यंतसाठी जाहीर झाली.

त्या आयतींमध्ये फक्त तोहमत रचणाऱ्यांना फटकारलेले नाही. ऐकणाऱ्या मोमिन पुरुषांना आणि स्त्रियांनाही विचारले आहे की हे कानावर पडताच तुम्ही आपल्याच माणसांबद्दल चांगला विचार का केला नाही, हा उघड आरोप आहे असे तिथल्या तिथे का म्हटले नाही. आमच्या मते सगळ्या विषयाचे सार इथे आहे. जबाबदारी जिभेवर जितकी, तितकीच कानावर आहे.

त्या कसोटीत उतरलेली माणसेही होती. हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरात हा विषय निघाला, तेव्हा नवरा-बायकोने एकमेकांना विचारले की आपण स्वतः असे करू का. उत्तर 'नाही' असे आल्यावर, आपल्याहून उत्तम असलेल्या माणसांबद्दल हे खरे मानायचे कसे, असे म्हणून त्यांनी विषय तिथेच मिटवला. आणि हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) यांचे उदाहरण तर फार मोठे. पवित्र पत्नींमध्ये हजरत आयशा (रजि.) यांच्या बरोबरीच्या म्हणून त्याच गणल्या जात. दोन बोटे उचलली असती तर प्रतिस्पर्धी खाली आली असती. पण प्रेषितांनी (स.) विचारल्यावर त्यांनी सांगितले की आपण आपल्या कानांचे आणि डोळ्यांचे रक्षण करतो आणि आयशांबद्दल आपल्याला भल्याशिवाय काही ठाऊक नाही. हे स्वतः हजरत आयशा (रजि.) यांनीच नंतर कृतज्ञतेने सांगितले आहे. हॉलिवूडच्या त्या दोघी स्पर्धकांच्या गोष्टीशेजारी हा प्रसंग ठेवून पाहावा.

मुंबईपासून मोबाइलपर्यंत

हॉलिवूडचा हा बाजार आपल्या मुंबईलाही नवा नाही. मूळचे आजच्या पालघर भागातले बाबूराव पटेल यांनी १९३५ मध्ये 'फिल्मइंडिया' हे मासिक काढले, आणि त्यांच्या लेखणीच्या फटकाऱ्यांना सारी चित्रसृष्टी वचकून असे. पुढे देवयानी चौबळ यांच्या सदराने तसाच धाक निर्माण केला. १९७१ मध्ये 'स्टारडस्ट' सुरू झाले आणि खासगी गोष्टी हाच मुख्य मजकूर झाला. मीनाकुमारी म्हणजे महजबीन बानो, मधुबाला म्हणजे मुमताज जहाँ. आपल्याच समाजातल्या या दोन मुलींनी लहान वयापासून राबून आख्खी घरे चालवली. पण आजही त्यांचे नाव निघाले की कामाआधी त्यांच्या दुःखांची चर्चा होते. दोघींना जाऊन पन्नास वर्षांहून अधिक काळ झाला, तरी लोकांच्या जिभेने त्यांना सोडलेले नाही.

आता तर सदरासाठी वृत्तपत्रही लागत नाही. खानदानाचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप पुरतो. "अमक्यांच्या सुनेचे माहेरी जाणे वाढलेय," असे एक वाक्य सकाळी येते. दुपारपर्यंत त्याला दोन कारणे चिकटतात आणि मगरिबपर्यंत तलाकची बातमी तयार होते. सर्वांत जास्त नुकसान होते ते रिश्त्यांच्या बाबतीत. मुलीची चौकशी करायला कोणी येते आणि शेजारीण तोंड न उघडता नुसती मान हलवते. त्या एका हालचालीने मुलीचे आयुष्य दोन-चार वर्षे मागे जाते, आणि कारण काय, हे तिला कधीच कळत नाही. हेडाविरुद्ध निदान दावा तरी लावता येत होता. मान हलवणाऱ्यावर कोण दावा लावणार?

म्हणून काही गोष्टी घरात ठरवून घ्याव्यात असे आम्हाला वाटते. कोणाबद्दल काही ऐकले तर पहिला प्रश्न विचारावा, "हे तुम्ही पाहिले की ऐकले?" बहुतेक गोष्टी या एका प्रश्नावरच विरून जातात. ग्रुपवर कोणाच्या घरचे काही आले तर ते पुढे पाठवू नये आणि शक्य असेल तर पाठवणाऱ्याला एकटे गाठून, चारचौघांत न लाजवता, काढून टाकायला सांगावे. रिश्त्यासाठी कोणी विचारले तर जे खात्रीने माहीत आहे आणि जे त्या निकाहशी संबंधित आहे तेवढेच सांगावे. माहीत नसेल तर 'मला माहीत नाही' असे स्वच्छ शब्दांत सांगावे. अर्थपूर्ण गप्प बसणे हीसुद्धा एक प्रकारची तोहमतच असते. आणि घरातल्या मुलींना, सुनांना एवढा विश्वास द्यावा की त्यांच्यावर खरोखर जुलूम झाला तर 'लोक काय म्हणतील' या भीतीने त्या गप्प राहणार नाहीत. कुजबुज थांबवायची आहे, तक्रार नव्हे.

कान काढून घेतले की

हेडाची सत्ता कशी ओसरली हेही पाहण्यासारखे आहे. कोणी कायदा करून तिचे सदर बंद केले नाही. १९६० मध्ये 'स्पार्टाकस' हा चित्रपट आला. त्याची पटकथा काळ्या यादीत टाकलेल्या डाल्टन ट्रम्बो यांनी लिहिली होती आणि कित्येक वर्षांनी त्यांचे खरे नाव पडद्यावर झळकले होते. हेडाने वाचकांना बजावले की हा चित्रपट पाहू नका. लोक गेले. निवडून आलेले नवे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडीही गेले. चित्रपट प्रचंड चालला आणि काळ्या यादीची दहशत ढासळू लागली. तिची लेखणी होती तेवढीच धारदार होती. वाचक मात्र आता तिच्या शब्दावर हलत नव्हते.

१ फेब्रुवारी १९६६ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, न्यूमोनियाने तिचे निधन झाले. तिला लहानपणच्या अल्टूना गावी पुरण्यात आले. चॅप्लिन परतला तेव्हा ती जाऊन सहा वर्षे झाली होती. चुकीचे लिहिलेले परत घ्यायची, ज्याचे मन दुखावले त्याच्याकडे माफी मागायची मुदत माणसाच्या श्वासाइतकीच असते. म्हणूनच उलमा सांगतात की गीबत ही बंद्याच्या हक्काची बाब आहे. नुसती तौबा पुरत नाही. ज्याचे वाईट बोललो त्याच्याशी हिशेब चुकता करावा लागतो. निदान ज्या बैठकीत त्याची निंदा केली, त्याच बैठकीत त्याचे भले बोलावे आणि त्याच्यासाठी दुआ करावी.

एक हेडा हॉपर घडायला साडेतीन कोटी वाचक लागले. आपल्या मोहल्ल्यातली अफवा जगवायला चार कान पुरतात. त्यांतले दोन आपले आहेत आणि ते आपल्या ताब्यात आहेत. दुसऱ्याचा ऐब झाकणाऱ्याचा ऐब अल्लाह झाकतो, हा वायदा आपल्याला प्रेषितांनी (स.) सांगितला आहे. आपल्यापैकी कोण असे आहे, ज्याला या वायद्याची गरज पडणार नाही?